पुंगळी, प्रायमर, दारू: सीमेवर सगळ्याचाच हिशेब

घरी काडतुसं भरणाऱ्याच्या टेबलावर चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, प्रायमर म्हणजे ठोका बसला की दारू पेटवणारी छोटी टोपी, पावडर म्हणजे बिनधुराची दारू, आणि बुलेट म्हणजे पुढे सुटणारी गोळी. नेमबाजीच्या रेंजवर बोलताना आपण यांना 'सामान' म्हणतो, 'दारूगोळा' हा शब्द तयार काडतुसासाठी राखून ठेवतो. कायदा असं वाटप करत नाही. सीमेवर अडचणीत येणारे बहुतेक लोक इथेच चुकतात. आपल्याकडे काडतूस एकही नाही, मग विचारणार कोण, असं त्यांना वाटतं.

अमेरिकेच्या संघीय कायद्यातली 'अम्युनिशन'ची व्याख्या पाहा. तयार काडतुसाबरोबर पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि बंदुकीसाठी बनवलेली पावडर, सगळं तिच्यात नाव घेऊन घातलेलं आहे. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधी माहीत हवं, कारण अशा व्हिसावरच्या व्यक्तीला बंदूक आणि अम्युनिशन दोन्ही बाळगायला मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. तो नसेल तर शंभर प्रायमरची डबीसुद्धा गुन्हा ठरू शकते, मग दुकानदाराने काही विचारलेलं असो वा नसो. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही मनाई लागू नाही.

आता नेहमीचा प्रवास घेऊ: अमेरिकेत खरेदी, गाडीने कॅनडात. इथे दोन वेगळे कायदे पाळायचे असतात, आणि लोक एकच वाचून निघतात. कॅनडात काय आणता येतं ते सगळे शोधतात, अमेरिकेतून काय बाहेर नेता येतं ते कोणी पाहत नाही.

कॅनडाची बाजू तुलनेने स्वच्छ आहे. तिथले स्फोटकांचे नियम २०१३ चे आहेत आणि ते नॅचरल रिसोर्सेस कॅनडा हे खातं राबवतं. स्वतःच्या वापरासाठी, स्वतःबरोबर आणलेल्या मालाला ठराविक मर्यादेपर्यंत आयात परवाना लागत नाही: प्रायमर ५,०००, प्रायमर बसवलेल्या रिकाम्या पुंगळ्या ५,०००, पावडर ८ किलो. पावडरीला आणखी एक अट आहे: डबा ५०० ग्रॅमपेक्षा मोठा नको. एक पौंडाची बाटली ४५४ ग्रॅमची, ती चालते. आठ पौंडांचा स्वस्त पडणारा मोठा डबा चालत नाही, जरी त्याचं वजन ८ किलोच्या निम्म्याहून कमी असलं तरी. घरी बसून आठ पौंड छोट्या बाटल्यांत ओतून न्यायचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. मूळ लेबल नसलेली पावडर कोणती हे अधिकाऱ्याला कळत नाही आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही कळत नाही. चुकीच्या पावडरीने भरलेलं काडतूस बंदूक फोडतं.

या मर्यादा खरेदीच्या हिशेबात बसवून पाहा. पावडर ग्रेन या एककात मोजतात, एका पौंडात ७,००० ग्रेन. .२२३ या मापाच्या काडतुसात साधारण २५ ग्रेन धरले (हा फक्त अंदाज आहे, भरायचं प्रमाण नेहमी पावडर बनवणाऱ्याच्या तक्त्यातूनच घ्या) तर एका बाटलीत २८० काडतुसं होतात. ८ किलोत पूर्ण बाटल्या बसतात १७, म्हणजे ४,७६० काडतुसं. ५,००० प्रायमरशी हे जवळजवळ जुळतं. .३०८ मध्ये ४३ ग्रेन धरले तर त्याच १७ बाटल्या पावणेतीन हजारांवर संपतात. ९ एमएममध्ये ५ ग्रेन धरले तर चार बाटल्यांतच ५,००० प्रायमर संपून थोडी पावडर उरते. तेव्हा ९ एमएमवाल्याने १७ बाटल्या गाडीत घालण्यात काही अर्थ नाही. प्रायमरचा माल शंभराच्या ट्रेमध्ये, हजाराच्या खोक्यात आणि पाच हजारांच्या पेटीत येतो. एक पेटी घेतली की मर्यादा पूर्ण झाली. 'मॅग्नम म्हणजे जोरदार प्रायमरची एक डबी वेगळी' असं काही नसतं, सगळ्या प्रकारांची मिळून मोजणी होते.

मर्यादेपेक्षा जास्त न्यायचं असेल किंवा माल कुरियरने मागवायचा असेल तर परवाना आधी काढावा लागतो. सीमेवर पोचून अर्ज भरता येत नाही. शिवाय पावडरीचा तो विशिष्ट प्रकार कॅनडाच्या अधिकृत स्फोटकांच्या यादीत आहे का, तेही पाहून घ्या.

कॅनडाच्या या नियमांना बुलेट आणि बिनप्रायमरची पुंगळी दिसतच नाही, कारण त्यात स्फोटक नाही. अमेरिकेच्या निर्यात नियमांना मात्र दिसते. मार्च २०२० मध्ये नागरी बंदुका आणि त्यांचा दारूगोळा परराष्ट्र खात्याच्या यादीतून वाणिज्य खात्याच्या यादीत आला. त्या यादीत ०ए५०५ या क्रमांकाखाली काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भागही आहेत: बॉक्सर आणि बर्डन या दोन्ही प्रकारचे प्रायमर, धातूच्या पुंगळ्या, साध्या बुलेट. परवाना लागणार की सूट मिळणार, हे वस्तूचा क्रमांक, किंमत, नेणाऱ्याचं नागरिकत्व आणि देश यांवरून ठरतं. सामानात काडतुसं नेण्याची एक सूट आहे, तिच्यात अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना १,००० पर्यंत काडतुसं नेता येतात. ती पाहून कॅनडाचा नागरिक 'मलाही चालेल' असं समजतो, आणि ते चूक आहे. मोठी दुकानं कॅनडाच्या पत्त्यावर पुंगळ्याही पाठवत नाहीत, त्यामागे हेच आहे. दुकानाला निर्यातीची कागदपत्रं करायची नसतात. त्यापेक्षा कॅनडातल्याच आयातदाराकडून घ्यावं. पैसे जास्त जातात, पण कागद त्याचे असतात. गंमत अशी की आयएमआर नावाची जी पावडर लोक अमेरिकेतून आणायला बघतात, ती कितीतरी वर्षं क्युबेकमधल्या व्हॅलीफील्डच्या कारखान्यात तयार होऊन अमेरिकेत गेलेली आहे.

विमानाचा विचार करू नका. प्रवाशाच्या सामानात पावडर आणि प्रायमर चालतच नाहीत, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तयार काडतुसं, तीही विमान कंपनीची आधी परवानगी घेऊन, माणशी ५ किलोपर्यंत चेक-इनमध्ये जातात. अमेरिकेच्या टपाल खात्यातूनही पावडर आणि प्रायमर पाठवता येत नाहीत.

गाडीत ठेवताना प्रायमर मूळ ट्रेमध्येच ठेवा. ट्रेमधली अंतरं एक उडाला तर शेजारचे उडू नयेत म्हणून असतात. बरणीत सुटे ओतलेले प्रायमर एकदम फुटू शकतात. पावडर जाड लोखंडी पेटीत बंद करू नका. मोकळ्यावर ती नुसती भडकून जळते, पण घट्ट कोंडली की वायूचा दाब वाढून पेटीच फुटते. मूळ बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून दूर, प्रायमर वेगळ्या खोक्यात. पावती वरच ठेवा आणि 'काही जाहीर करायचं आहे का' या प्रश्नाला स्वतःहून आकडे सांगा.

भारतात यातलं काहीही आणायचा विचार असेल तर थांबा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आहेतच, शिवाय तो बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. म्हणजे काडतुसं भरायचा प्रेस आणि त्यात बसणारे साचे म्हणजे डायसुद्धा 'जुनं हत्यार-अवजार' म्हणून बॅगेत टाकून येता येत नाही. आयातीला कलम १० खाली परवाना लागतो. पावडर आणि प्रायमरला त्यावर स्फोटक कायदा लागतो, आणि तो राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

रेंजवर नेलेली बॅग घेऊन मुंबईला येणाऱ्यांनी ती निघण्यापूर्वी उलटी करून झटकावी. अस्तराच्या फटीत अडकलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की पोलिसांत तक्रार होते. ते तिथे आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं, हा बचाव न्यायालयांनी मान्य केलेला आहे, कारण जाणीवपूर्वक ताबा असल्याशिवाय गुन्हा होत नाही. पण तो बचाव मांडायचा असतो विमान चुकल्यानंतर, वकील लावून. म्हणून रेंजसाठी आणि प्रवासासाठी बॅगा वेगळ्या ठेवाव्यात.