प्रथिनाला डोळे नसतात, तरी...

वनस्पतिशास्त्र शिकवते म्हटल्यावर मला एक प्रश्न हमखास येतो, वर्गात आणि वर्गाबाहेरही : "प्रथिनाला ना डोळे, ना मेंदू. मग डीएनएच्या एवढ्या लांब धाग्यावर हवी ती जागा त्याला सापडते कशी?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : चाचपून.

वीज गेल्यावर जुडग्यातली कडीची किल्ली आपण बोटांनीच ओळखतो ना, तसंच. डीएनएचा पीळ उकलावाही लागत नाही. आतली अक्षरं, म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे घटक, एकमेकांना जोडलेलीच राहतात, पण पिळाच्या खोबणीतून त्यांच्या कडा बाहेर जाणवतात. 'टी' या अक्षराच्या कडेला मिथाइल गटाचा छोटा उंचवटा असतो, 'सी'ला तो नसतो. स्पर्शाला एवढा फरक पुरतो.

माझं आवडतं उदाहरण वर्की कुळाचं. ही प्रथिनं वनस्पतींमधली जनुकं चालू-बंद करतात, विशेषतः रोग आला की. त्यांतलं पहिलं 1994 मध्ये रताळ्यात सापडलं. डब्ल्यू, आर, के, वाय ही ट्रिप्टोफॅन, आर्जिनिन, लायसिन आणि टायरोसिन या अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांची, चिन्हं. कुळातल्या जवळजवळ प्रत्येकात ती याच क्रमाने येतात, म्हणून नावही तेच. ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या चिमुकल्या नातलगात ही सत्तरहून जास्त आहेत, भातात शंभराच्या आसपास.

डीएनएला धरणारा भाग असतो साठेक अमिनो आम्लांचा. त्यात चार-पाच पट्ट्या एकमेकींना लागून असतात आणि जस्ताचा एक अणू त्यांची घडी धरून ठेवतो. जस्त काढून घ्या, पकड गेलीच. ही घडी रुंद खोबणीत पाचरीसारखी आडवी शिरते. पुढच्या टोकाला डब्ल्यू, आर, के, वाय ही चार अमिनो आम्लं असतात, आणि ती डीएनएतल्या टीच्या उंचवट्यांना टेकतात. डीएनएवर शोधायचा मजकूर असतो टी-टी-जी-ए-सी आणि त्यापुढे सी किंवा टी. त्याला डब्ल्यू-बॉक्स म्हणतात.

इथे वर्गातलं एखादं हुशार पोर हात वर करतंच : "मॅडम, सहाच अक्षरं? ती तर कुठेही सापडतील!" अगदी बरोबर. दोन्ही धागे धरले तर निव्वळ योगायोगाने हजारेक अक्षरांमागे एक डब्ल्यू-बॉक्स येतो. ॲराबिडॉप्सिसचा जीनोम, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए-मजकूर, साधारण साडेतेरा कोटी अक्षरांचा, म्हणजे असे बॉक्स लाखाच्या वर झाले. शिवाय सत्तर भावंडं त्याच बॉक्सवर डोळा ठेवून! म्हणून नुसत्या स्पर्शावर भागत नाही. बॉक्सच्या आजूबाजूची अक्षरं कोणती, एकाशेजारी दुसरा बॉक्स आहे का, तिथला डीएनए गुंडाळून ठेवलाय की मोकळा आहे, सोबतीला कोणतं प्रथिन आहे, या सगळ्यावर ठरतं कोण कुठे बसणार. हा भाग मला सर्वांत सुंदर वाटतो, आणि पाठ्यपुस्तकात तो दोन ओळींत उरकलेला असतो याचं वाईट वाटतं.

ही पकड किती मोलाची आहे, ते रोगजंतूंनीही ओळखलंय. कोकणात आणि गोव्यात वांगी लावणाऱ्यांना मर रोग सांगावा लागत नाही. काल टवटवीत असलेलं झाड आज हिरवंच्या हिरवं मान टाकतं. खोड कापून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात धरलं की दुधट धागे खाली उतरताना दिसतात. ते जिवाणू, राल्स्टोनिया. याच्या काही वाणांकडे पॉप-पी-टू नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत शिरून वर्कीतल्या 'के'वर, म्हणजे लायसिनवर, ॲसिटिल नावाचा अणूंचा छोटा गट चिकटवतं. बोटावर मेण बसावं तसं होतं. खोबणी चाचपता येत नाही, वर्की डीएनएवरून सुटतं आणि बचावाची जनुकं गप्प राहतात.

यावर ॲराबिडॉप्सिसच्या काही वाणांनी काय केलंय पाहा. आरआरएस-वन या राखणदार प्रथिनाच्या अंगातच वर्कीचा एक तुकडा बसवलेला आहे. पॉप-पी-टू फसून त्यालाही ॲसिटिल लावतं, आणि त्याच क्षणी राखणदार जागा होऊन ओरडतो. 2015 मध्ये हे उलगडलं. तेव्हापासून फळ्यावर वर्कीची ती चार अक्षरं लिहिताना 'के' मी लाल खडूने काढते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तोच लाल का?" आणि तास संपून गेला तरी मी सांगत बसते.