फ्लोन्झ आणि बिअर, राउंड चौथा: काळ्याला काळं लावायचं सोडलं

फ्लोन्झ म्हणजे जर्मनीतल्या कोलोनचं, मी राहते त्या शहराचं, ब्लड सॉसेज (रक्त घालून केलेलं), आणि त्याच्याबरोबर कुठली बिअर जुळते ते मी राउंड-राउंडने शोधतेय. रविवारी चौथा राउंड झाला आणि यावेळी खरंच काहीतरी हाताला लागलंय म्हणून लगेच लिहून ठेवतेय. आधीचे तीनही राउंड मी एकाच हट्टाने केले, की ब्लड सॉसेज काळं, जड, तर बिअरपण काळीच हवी. ड्राय स्टाउट (भाजलेल्या बार्लीची काळी बिअर) लावली, दोनदा वेगवेगळ्या ब्रँडची, आणि दोन्हीदा तेच झालं, भाजलेल्या बार्लीचा कडूपणा आणि रक्ताची ती लोखंडी चव एकमेकांवर चढतात आणि घोट गिळला तरी जिभेवर नाणं ठेवल्यासारखं वाटत राहतं. आयर्लंड-इंग्लंडच्या ब्लॅक पुडिंगात, म्हणजे तिथल्या ब्लड सॉसेजमध्ये, ओट्स नाहीतर बार्ली असते, तिथे स्टाउट मस्त बसते, धान्याला धान्य भेटतं. पण इथल्या कोलोनच्या फ्लोन्झमध्ये धान्य नाही, डुकराचं रक्त, चरबी, कातडी आणि मसाला एवढंच.

म्हणून यावेळी नुसतं सॉसेज न घेता पूर्ण हिमेल उन एड केलं. हिमेल म्हणजे आकाश, झाडावरचं सफरचंद, आणि एड म्हणजे जमीन, मातीतला बटाटा. दोन्ही शिजवून घोटायचे, वर तळलेला फ्लोन्झ आणि तपकिरी होईपर्यंत परतलेला कांदा.

तळण्याचं जरा सविस्तर सांगते कारण माझी इथेच दोनदा वाट लागलेली. पातळ काप केले की आतली चरबी वितळते आणि सगळं पॅनमध्ये भुगा होऊन पसरतं. आता दीड सेंटीमीटर जाड काप, फ्रिजमधून थेट, मैद्यात घोळवून जास्तीचा झटकायचा, तूप चांगलं तापल्यावरच टाकायचं आणि मग अजिबात हलवायचं नाही. कडेला काळपट-लाल कुरकुरीत कड दिसली की एकदाच उलटायचं. आत मऊ, जवळजवळ लोण्यासारखं राहतं.

आता बिअर. कोल्श, तीच इथली, २०० मिलीच्या सरळ उभ्या ग्लासात, गार. मला वाटलं होतं एवढी हलकी बिअर या खाण्यापुढे पाण्यासारखी वाटेल, पण नाही, फेस आणि बुडबुडे चरबी धुऊन काढतात आणि कोल्शमधला तो हलका फळाचा वास थेट सफरचंदाला जाऊन मिळतो, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. डुसेलडॉर्फची आल्टबिअर पण लावली (दोन्ही शहरांची बिअरवरून चुरस, त्यामुळे कोलोनमध्ये बसून आल्ट प्यायची म्हणजे शेजाऱ्यांना कळू द्यायचं नाही), तिचा कडूपणा जास्त, पण कांद्यासोबत सुंदर, सफरचंदासोबत नाही. बांबर्गची धुराची राउखबिअर मात्र फार झाली, फ्लोन्झ गायबच, नुसतं बेकन खाल्ल्यासारखं.

तर माझं मत आता असं की बिअर सॉसेजला नाही, त्याच्या सोबतीला काय आहे त्याला जुळवायची. गोड फळ असेल तर कोल्श, कांदा असेल तर आल्ट, ओट्स असतील तर स्टाउट.

आणि हे सगळं खाताना सारखी आठवत होती आजीची रक्ती, म्हणजे बकऱ्याचं रक्त, कांदा-लसूण मसाल्यात परतलेली, भाकरीबरोबर. तिच्यात तिखट आहे, मग कडू बिअर तर नक्की नको, तिखट अजून भडकेल. गव्हाची, जरा गोडसर वाईसबिअर चालेल असं वाटतंय. बकऱ्याचं रक्त इथे मिळवणं अवघड आहे, हलाल दुकानात तर विचारायलाच नको (रक्त तिथे निषिद्धच), एका शेतकऱ्याला मेसेज टाकलाय. मिळालं तर पाचवा राउंड तोच.