पावसाळ्यात हरवलेली पहिली तार

माझ्या गिटारची पहिली तार परत आली! रविवारी रात्री साडेअकराची वेळ, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी २० टक्क्यांवर, आणि हेडफोनमध्ये बारीक ई अगदी स्वच्छ, बाकीच्या पाच तारांच्या बरोबरीने. त्या एकाच तारेवर मी किती वेळ वाजवत बसले होते कोण जाणे. दीड महिना तिच्यामागे गेला होता.

मागची नोंद फेब्रुवारीतली, म्हणून थोडी उजळणी. गिटार तीच: वरची फळी सॉलिड स्प्रूसची, पाठ आणि बाजू प्लायच्या, तारा ज्यावर टेकतात त्या सॅडलखाली पिएझोची पट्टी, जी दाबातल्या कंपनाची वीज करते. सोबत आलेला प्रीॲम्प काढून जेफेट ट्रान्झिस्टरचा बफर (पट्टीचा सिग्नल न गळता पुढे देणारं सर्किट) बसवला होता. पट्टीची कपॅसिटन्स १.१ नॅनोफॅरड भरली. ती १ मेगाओहमच्या इनपुटला जोडली की १४५ हर्ट्झपासून खालचा आवाज उतरू लागतो आणि ८२ हर्ट्झच्या जाड ई तारेचा मूळ सूर ६ डेसिबलने गळतो. १० मेगाओहम दिल्यावर ती गळती बंद झाली, जाड तारांना पोट आलं आणि तो पत्र्यासारखा ‘क्वॅक’ बराच निवळला. त्याच बैठकीत प्लास्टिकचं पोकळ सॅडल काढून हाडाचं घातलं. काचेवर सँडपेपर चिकटवून त्याचा तळ सपाट केला, पोलादी पट्टी लावून उजेडात बघितला, कुठे किरणही आरपार दिसत नव्हता. मार्च, एप्रिल, मे, तीन महिने सहाही तारा कानाला सारख्या लागत होत्या.

जून उजाडला आणि पहिली तार मागे सरायला लागली.

आधी वाटलं तारा जुन्या झाल्या. नव्या घातल्या, फरक नाही. बॅटरी बदलली. बफरचे सगळे सोल्डर पुन्हा तापवले. मग संशय बफरमधल्या जे२०१ ट्रान्झिस्टरवर गेला, कारण जे२०१ नावाने आज जे ऑनलाइन विकलं जातं त्यातलं बरंचसं बनावट असतं. जुन्या तीन पायांच्या प्लास्टिकच्या बांधणीतला जे२०१ बनवणं मोठ्या कंपन्यांनी केव्हाच थांबवलंय. खरा हवा असेल तर सरफेस माउंटमधला एमएमबीएफजे२०१ घ्या आणि छोट्या ॲडॉप्टर पट्टीवर जोडा, त्रास वाचेल. मी ट्रान्झिस्टरऐवजी टीएल०७२ ही ऑपॲम्पची चिप लावून पाहिली. तार तिथेच.

गोव्यात, म्हापशातल्या तालमीत तर जीव रडकुंडीला आला. चवथीच्या, म्हणजे गणेशोत्सवाच्या कार्यक्रमाची तयारी चालू आहे: हार्मोनियम, तबला, दोन गायक, शेवटच्या आरत्यांना घुमट (मातीच्या भांड्याचं गोव्याचं तालवाद्य), आणि दोन कडव्यांमधले तुकडे माझ्या गिटारवर. ते तुकडे सगळे बारीक दोन तारांवरचे. खोलीत प्लग न लावता वाजवलं की छान ऐकू येतात, मिक्सरमधून मात्र नुसती मधली घरघर. साउंड सांभाळणाऱ्या दादांनी बिचाऱ्यांनी ३ किलोहर्ट्झच्या आसपास उचलून दिलं, तर क्वॅक परत आला, पहिली तार नाही आली. इक्वलायझर सगळ्या तारांवर सारखाच चालतो. एकच तार मागे राहिली असेल तर त्याच्या हातात काही नसतं.

तेव्हा ठरवलं की आता कानावर विसंबायचं नाही, मोजायचं. अडचण अशी की प्लेक्ट्रमने प्रत्येक तार सारख्या जोराने छेडणं माणसाला जमत नाही. यासाठी ध्वनिशास्त्रातली एक जुनी, सुंदर युक्ती आहे: बारीक तांब्याच्या तारेचा फास गिटारच्या तारेभोवती घालायचा आणि हळूहळू ओढत राहायचं. तांब्याची तार दर वेळी जवळजवळ त्याच ताणाला तुटते, म्हणून छेड दर वेळी जवळजवळ तेवढीच पडते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून ४२ नंबरची एनॅमलची तार आणली, जाडी ०.१ मि.मी. गिटारच्या बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर फास, सावकाश ओढ, ‘टक्’ असा अगदी नाजूक आवाज, आणि तार सुटते. दर तारेला पाच छेडी घेऊन सरासरी काढली. बफरच्या बाहेरची पातळी, जाड ईपासून क्रमाने (शून्याच्या जितकं जवळ तितका आवाज मोठा): -१५, -१३, -१०, -१०, -१६, -२१ डेसिबल. त्याच छेडी गिटारसमोरच्या मायक्रोफोनवर घेतल्या तर सगळ्या तारा ३ डेसिबलच्या आत. म्हणजे लाकूड ठीक, तारा ठीक, बिघाड सॅडल आणि पट्टीच्या मध्ये कुठेतरी.

आकडे नीट बघा. मधल्या दोन तारा मोठ्या आणि दोन्ही कडांना उतार. हा उतार माझ्या डोळ्यांसमोर आठवडाभर होता आणि मी त्याच वेळी नवी पिएझो पट्टी मागवत होते.

उलगडा झाला तो आमच्या मागच्या दारामुळे. जुलैत ते दर वर्षी अडकतं. सुतारकाका रंधा घेऊन आले, दार दोनदा ढकलून बघितलं आणि रंधा पिशवीत परत ठेवला. म्हणाले, “बाय, लाकूड रुंदीला फुगतं, लांबीला नाही. आत्ता ताशीन, पण डिसेंबरात बोट जाईल एवढी फट पडेल. मग मला हाक मारू नको.” मी तशीच आत गेले आणि गिटारच्या तारा सैल केल्या.

ब्रिजच्या (फळीवर चिकटलेल्या आडव्या लाकडाच्या) रिकाम्या खाचेत सॅडल नुसतं ठेवलं आणि बारीक ईच्या टोकावर नख टेकवलं. दुसरं टोक वर आलं. सोडलं, खाली गेलं. मुलांच्या सी-सॉसारखं. फीलर गेजची (फट मोजायची ठरावीक जाडीची) पाती सरकवली: बारीक तारांच्या टोकाला ०.१५ मि.मी., जाड तारांच्या टोकाला ०.०५ आणि मध्ये शून्य. फेब्रुवारीत उजेड न दिसणारा तळ तो हाच.

सॅडल बदललं नव्हतं, खाच बदलली होती. वरच्या फळीचे तंतू लांबीला धावतात, पावसात फळी रुंदीला फुगते, आतून चिकटवलेल्या लाकडी पट्ट्या तिला बाजूला पसरू देत नाहीत, म्हणून ती वर फुगवटा धरते. ब्रिज तिच्यावर आडवा चिकटलेला, तोही तिच्याबरोबर वाकतो. खाचेचा तळ मध्ये उंच, कडांना खाली. त्यावर सरळ, ताठ हाड ठेवलं की भार मधल्या तारांखाली जातो आणि कडांना पट्टी नुसती पडून राहते. पिएझोला दाब लागतो, दाब नाही तर आवाज नाही. आमच्या खोलीत तेव्हा आर्द्रता ८४ टक्के होती. भरीला जूनमध्ये ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर आली म्हणून मी सॅडल अर्धा मि.मी. उतरवलं होतं, त्यामुळे तारांचा सॅडलवरून खाली वळण्याचा कोनही कमी झाला होता. बारीक तारांचा मुळातच हलका भार, तो आणखी हलका झाला.

हाडाबद्दल माझं मत इथे बदललं. प्लग न लावता वाजवायचं असेल तर हाड उत्तमच. सॅडलखाली पट्टी असेल तर मात्र हाडाचा ताठपणा खाचेतली प्रत्येक चूक जशीच्या तशी पट्टीपर्यंत पोचवतो. ते पोकळ प्लास्टिक तळाबरोबर किंचित वाकायचं, म्हणून त्याची तक्रार कधी ऐकू आली नाही. टस्कसारखं कारखान्यात तयार केलेलं कृत्रिम साहित्य आतून एकजीव असतं, हाडासारखी कुठे घट्ट कुठे सच्छिद्र अशी भानगड नाही. पुढचं सॅडल टस्कचंच.

हातात सँडपेपर घेतला होता, पण काकांचं डिसेंबर आठवलं आणि ठेवून दिला. आधी लाकूड सुकवायचं. हार्डकेसमध्ये अर्धा किलो सिलिका जेल चार कापडी पिशव्यांत, सोबत आर्द्रता मोजायला छोटा हायग्रोमीटर. नारिंगी दाण्यांचं जेल घ्या, ओलं झालं की हिरवं दिसतं आणि ओव्हनमध्ये १२० अंशाला दोन तास ठेवलं की परत तयार. केसमध्ये ५५ टक्के यायला दोन दिवस लागले, फळी खाली बसायला नऊ. टोकाची फट ०.१५ वरून ०.०७ झाली. ॲक्शनही उतरली, आणि जूनमध्ये सॅडल घासायला नको होतं हे लख्ख कळलं.

उरलेली फट कागदाने भरली. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो, तो इथे जास्त झाला असता. ट्रेसिंग पेपर मायक्रोमीटरवर ०.०६ भरला. त्याची १६ मि.मी. लांब पट्टी कापली, आतल्या टोकाला ब्लेडने खरवडून उतरती केली म्हणजे पायरी राहू नये, आणि खाचेत बारीक तारांच्या बाजूला पिएझोखाली ठेवली. डिंक नाही, काही नाही. सॅडल बसवलं, नख टेकवलं. हललं नाही. तारा सुरात आणल्या, तांब्याचा फास घातला. टक्. -१४, -१३, -१२, -१२, -१३, -१४. मधल्या तारा खाली आल्या आणि कडा वर आल्या, वाटून घेतल्यासारख्या. क्वॅकही कमी वाटतो, आणि ते पटण्यासारखं आहे: अख्खा भार ज्या मधल्या भागावर पडत होता, तोच जोरात छेडलं की आधी ओरडत होता.

आता पुढचं. ब्रिजप्लेटला (ब्रिजच्या खाली आत असलेल्या लाकडी फळीला) आतून पिएझो डिस्क चिकटवायचा प्रयोग मी फेब्रुवारीपासून सांगतेय. त्या सॅडलच्या दाबावर चालत नाहीत, फळीच्या हालचालीवर चालतात, म्हणून हा पावसाळी रोग त्यांना लागत नाही. के अँड के प्युअर मिनी या तयार पिकअपमध्ये अशाच तीन डिस्क असतात, बॅटरीशिवाय. मी साध्या २७ मि.मी. बझर डिस्क घेतल्या, तात्पुरत्या दुहेरी टेपने लावल्या. तिन्ही समांतर जोडून ५८ नॅनोफॅरड. एवढ्या कपॅसिटन्सला १ मेगाओहम दिलं तर ३ हर्ट्झपर्यंत सगळं आत येतं, म्हणजे टेबलाला गुडघा लागला तरी स्पीकरचा कोन हलतो. ४७ किलोओहमचा साधा रेझिस्टर लावला की ५८ हर्ट्झखालचं आपोआप कापलं जातं. वेगळा फिल्टर लागत नाही. या दोन पैशांच्या वस्तूने मला या महिन्यातला दुसरा आनंद दिला.

पट्टी आणि डिस्क एकत्र केल्या तर आवाज पोकळ झाला, दोघी उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकीची लहर वर जाताना दुसरीची खाली. मी डिस्कच्या वायरी उलटवल्या आणि पोकळपणा गेला, पण भयानक हम आला. कारण साधं: पितळेची थाळी सिग्नलला आणि आतला पांढरा भाग ग्राउंडला गेला, थाळीची अँटेना झाली. पितळ नेहमी ग्राउंडलाच. फेज उलटवायची असेल तर बफरनंतर ऑपॲम्पमध्ये उलटवा. टीएल०७२ चा दुसरा अर्धा भाग रिकामाच होता, तो कामाला आला. आता तीन भाग पट्टी आणि एक भाग डिस्क असं मिश्रण आहे. बोटं तारेवर टेकतात तो हलका आवाजही येतो, लाकूड ऐकू येतं.

तालमीत मात्र डिस्क घुमटाला घाबरतात. घुमट माझ्यापासून तीन फुटांवर, त्याचा प्रत्येक ठोका फळीतून आत येतो आणि १०२ हर्ट्झला, म्हणजे गिटारच्या पोटातल्या हवेच्या स्वतःच्या सुराला, फीडबॅक सुरू होतो. साउंडहोलवर रबरी झाकण लावल्यावर बराच आटोक्यात आला. आरत्यांच्या वेळी डिस्क पूर्ण बंद करायला एक छोटा स्विच लावणार होते, जागाही आखून ठेवली होती.

पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचतंय. मंडपात गिटार चार-पाच तास केसबाहेर असणार, तेही दहा दिवस. केसमधली ५५ टक्के तिथे टिकणार नाही, खाच परत फुगणार, माझा ट्रेसिंग पेपर कमी पडणार. मग कागदांचे थर बदलत बसण्यापेक्षा दोन सॅडल का ठेवू नयेत? हे हाडाचं सपाट तळाचं कोरड्या दिवसांसाठी, आणि दुसरं टस्कचं, पावसातल्या खाचेच्या वळणाला घासलेलं, शिवाय अर्धा मि.मी. उंच, म्हणजे तारांचा कोनही परत मिळेल. ॲक्शन थोडी चढेल, ती ट्रस रॉडने (मानेतल्या पोलादी सळीने) नाही, सॅडलच्या वरच्या बाजूने मोजून ठरवेन. तार सैल करा, सॅडल बदला, दहा मिनिटांचं काम.

त्यासाठी गिटार मुद्दाम ओली व्हायला हवी. आज संध्याकाळी केसमधून काढून बाल्कावाच्या (पुढच्या व्हरांड्याच्या) आतल्या भिंतीला टांगून ठेवली आहे, पाऊस लागणार नाही पण हवा लागेल अशी. आजपासून रोज रात्री नऊला फीलर गेजने दोन्ही टोकं मोजणार आहे. आजचे आकडे: बारीक बाजू ०.०८, जाड बाजू ०.०२. फट चार दिवस वाढली नाही की त्या आकड्यांवर टस्कचा तळ घासायला घेईन. डिस्कच्या स्विचचं भोक मात्र अजून पाडत नाही. झाकण आणि टस्क लावून एक तालीम होऊ दे.