बरा झालाय ना, मग ही चप्पल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी कुष्ठरोग होऊन गेलेल्या लोकांसाठी चपला करतो असं कळलं की समोरचा माणूस जरा थबकतो. मग हमखास एकच प्रश्न येतो: रोग पूर्ण बरा होतो म्हणता, तर बऱ्या झालेल्या माणसाला वेगळी चप्पल कशाला लागते? विचारणाऱ्याच्या मनात असतं ते असं, की बरा-बिरा काही होत नाही, आत कुठेतरी तो असतोच.

नसतो. आधी ते मिटवून टाकू. अंगावरचे चट्टे पाचपर्यंत असले तर 6 महिने गोळ्या, त्याहून जास्त असले तर 12 महिने. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत त्या माणसापासून लागण होण्याची भीती संपते. शिवाय बहुतेकांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद मुळातच असते, त्यामुळे लागण म्हणावी तितकी सहज होतही नाही. हे सगळं दरवर्षी 30 जानेवारीला, कुष्ठरोग निवारण दिनी, ग्रामसभेत वाचून दाखवतात. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात.

अडचण पुढची आहे, आणि ती वाचून दाखवत नाहीत. हा जंतू नसांवर बसतो. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, संवेदना वाहून नेणाऱ्या. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना, ती नस गेली की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकतं. गुडघ्याखालची गेली की पाऊल वर उचलत नाही, लोंबतं. घोट्याच्या आतल्या बाजूची गेली की तळवा बधिर. गोळ्यांनी जंतू मरतात, पण जुनी मेलेली नस परत येत नाही. वेळेवर औषध मिळालं तर नस वाचते, म्हणून तर न दुखणारा, न खाजणारा फिकट चट्टा अंगावर दिसला की आशाताईंना दाखवा, असं मी भेटेल त्याला सांगतो. उशीर झाला की मात्र माणूस बरा होतो आणि पाय बधिर राहतो.

बधिर पायाचं काय होतं, ते मी रोज हातात घेऊन बघतो. काटा रुतला तर तुम्ही-आम्ही लंगडतो, आणि लंगडल्यामुळेच दुखऱ्या जागेला आराम पडतो. बधिर पाय लंगडत नाही. चपलेत खडा अडकला तर तो माणूस बाजारहाट करून घरी येतो, आणि रात्री बायको विचारते की जमिनीवर रक्त कुणाचं. घाम येणं बंद झाल्यामुळे कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगांतून घाण आत जाते. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे चालताना सगळा भार येतो, तिथे व्रण होतो. तो भरतो, पुन्हा होतो. हाडापर्यंत पोचला की बोट जातं. बोटं रोगाने आपोआप गळून पडतात असा समज शेकडो वर्षं होता. वेल्लोरला पॉल ब्रँड नावाच्या सर्जननी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात हातापायांवर बारकाईने काम केलं तेव्हा स्पष्ट झालं, की न कळलेल्या जखमा, चटके आणि त्यांतला संसर्ग हेच बोटं घालवतात. रात्री झोपेत उंदरांनी बोटं कुरतडलेली सकाळी कळायची. तिथे मग रुग्णांना मांजरी पाळायला दिल्या. औषधांच्या यादीत मांजर कुठेच नसते, पण मला तो उपाय फार शहाणपणाचा वाटतो.

तर चप्पल यासाठी. आतला थर एमसीआरचा, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत दाबला तर साधारण निम्म्यावर यावा आणि सोडला की परत उठावा, एवढा मऊ. त्यामुळे भार एका जागी न साचता सगळ्या तळव्यावर पसरतो. खालचा थर मात्र कडक, काटा-काच आत येऊ नये म्हणून. खिळा एकही नाही. सगळं सोल्युशनने आणि शिवणीने, कारण झिजलेल्या चपलेतून वर आलेला खिळा बधिर तळव्याला कळत नाही. अंगठ्याची चप्पल चालत नाही, कारण ती पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही, म्हणून मागे पट्टा. बकल नको, कारण वाकलेल्या बोटांनी ते लागत नाही. वेल्क्रो लावायचं. नवी चप्पल पहिल्या दिवशी थोडा वेळच घालायची आणि काढल्यावर तळवा बघायचा, कुठे लाल झालाय का. नजर अधू असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणी बघायचं. रोज पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे घासायचे, ओल्यावरच तेल लावायचं. एवढं केलं तर व्रण टळतात, आणि रोग परतला की काय ही शेजाऱ्यांची कुजबुजही टळते.

आता खरी गोष्ट. ही चप्पल सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळते, वर्षाला दोन जोड. आणि लोक ती घालत नाहीत. गेली कित्येक वर्षं ती एकाच साच्यातली, जाड, काळी, बेढब अशी निघायची. गावात ती चप्पल दिसली की लोक पायाकडे आणि मग तोंडाकडे बघायचे. वरोऱ्याचं आनंदवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन अशा कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत तिचं कुणाला काही वाटत नसे, सगळ्यांच्याच पायात तशी. पण आता बहुतेक लोक आपापल्या घरीच राहून औषध घेतात, आणि तेच योग्य आहे. गावात मात्र त्या चपलेने माणसाची ओळख उघडी पडते. एक बाई जोड घेऊन जायच्या आणि पिशवीतच ठेवायच्या. सासरी कळू द्यायचं नव्हतं. आपल्याकडे 2019 पर्यंत कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, हे लक्षात घेतलं तर त्यांच्यावर चिडता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा 21 प्रकारांतला एक आहे, पण तो शब्द प्रमाणपत्रावर येतो म्हणून अर्जच न करणारेही मला माहीत आहेत.

आमच्या घरात चामड्याचं काम आजोबांपासूनचं. शिवाशिव म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. म्हणून असेल, पण मदत देताना माणसावर शिक्का मारायचा, हे मला सहन होत नाही. मी रबर तेच ठेवलं, वरचं रूप बदललं. बाजारात जे चालतंय ते बघायचं, पट्ट्याचा रंग, कड, बायकांसाठी थोडी नक्षी. लग्नाला घालण्यासाठी सोनेरी पट्टे मागितले तर सोनेरी. टाच उंच करून मात्र देत नाही, त्याने भार पुढे जातो. त्यावरून भांडणं होतात, होऊ देत.

या कामात मला सगळ्यात मोठी मदत कुणाची झाली असेल, तर मधुमेहाची. त्यातही पाय बधिर होतात, तसेच व्रण होतात, तीच चप्पल लागते. शहरातल्या दुकानात काचेमागे तीच ठेवतात, डायबेटिक फुटवेअर म्हणतात आणि भरपूर पैसे घेतात. ती घातलेल्या साहेबांना कुणी ओट्यावरून उठवत नाही. आता गावात कुणी विचारलं तर माझी माणसं बिनधास्त सांगतात, शुगर आहे. मी त्यांना खोटं बोलू नका असं कधी म्हटलेलं नाही.

सगळं सुटलंय असं मात्र नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा पट्टा, आणि कुष्ठरोगाचे रुग्णही इकडेच जास्त. रोवणीला गुडघाभर चिखलात कुठलीच चप्पल टिकत नाही, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. घरात चप्पल घालायची तर स्वयंपाकघरात, देवघरात कशी घालणार? बायकांचे व्रण त्यामुळे जास्त चिघळतात. घरातल्यासाठी वेगळा, स्वच्छ जोड करून देतो. काही सासवांना तो चालतो, काहींना नाही.

तुमच्यापैकी बरेच जण पुढे विचारतात, आम्ही काय देऊ? रबराची शीट चालेल, पट्ट्याचं चांगलं कापड चालेल. येऊन बसा, चहा प्या, हेही चालेल, कारण आमच्याकडचा चहा नको म्हणणारे अजून येतात. जुन्या चपला तेवढ्या आणू नका. त्यांत आधीच्या मालकाच्या पायाचा साचा बसलेला असतो आणि खिळे असतात.