फराळाची ताटं

लोकांच्या आठवणींचं शब्दांकन करून घरच्यांपुरतं छोटं पुस्तक तयार करून देणं, हे माझं काम. बहुतेकदा पैसे मुलं देतात, बोलतात आईवडील आणि वाचायचं असतं नातवंडांनी. (नातवंडांना मराठी वाचता येतं का, हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेते. कितीतरी घरांत या प्रश्नावर शांतता पसरते.)

लालबागच्या त्या चाळीत मला मुलानं बोलावलं. चाळ पुनर्विकासाला निघाली होती, सामान बांधायच्या आत वडिलांचं लिहून व्हावं अशी त्याची घाई. "बाबा गिरण्यांच्या संपात शेवटपर्यंत होते, ते नीट येऊ द्या," एवढंच त्याचं सांगणं.

काका रत्नागिरीकडचे. गिरणीत आधी बदली कामगार, मग कायम. सालं त्यांना आठवत नव्हती, ती कुणालाच आठवत नाहीत. त्यामुळे मी साल विचारतच नाही. "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे होतात?" असं विचारते. म्हणजे 11 डिसेंबर 1967ची पहाट. काका हसले. "रातपाळीला होतो. माग चालू असले की जमीन हलतेच. बाहेर आल्यावर लोकांनी सांगितलं, भूकंप झाला म्हणून." चला, 67 साली गिरणीत होते आणि लग्न व्हायचं होतं, कारण तेव्हा राहायला गावकीच्या खोलीत होते. तिथे एक पाळी कामावरून आली की दुसरी उठायची आणि त्याच वळकटीवर पहिली आडवी व्हायची. जेवण खानावळीत. खानावळवाल्या बाईंचा आवाज ते अजून हुबेहूब काढतात, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "लग्नानंतरही वर्षभर तिच्याच आमटीचं कौतुक चालू होतं."

मुलाकडूनही थोडं घेतलं. 82 साली तो सहा-सात वर्षांचा. त्याला त्या वर्षीची दिवाळी लख्ख आठवत होती. "संप होता, पण आईनं इतका फराळ केला होता की चकल्या संक्रांतीपर्यंत पुरल्या!"

नंतर काकांनी पत्र्याची पेटी काढली. पास, फंडाचे कागद, गावाकडची पत्रं. फोटोंमागे मी बॉलपेनानं कधी लिहू देत नाही, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीनं नावं लिहीत बसलो होतो, आणि कागदांत एक पगाराची चिठ्ठी निघाली. नोव्हेंबर 1982ची.

संप सुरू झाला 18 जानेवारी 1982ला. कामगार नेते दत्ता सामंतांच्या मागे मुंबईतल्या कापड गिरण्यांचे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यामुळे त्या चिठ्ठीचा अर्थ एकच निघत होता. मुलगा समोरच बसला होता. मी ती इतर कागदांत ठेवली आणि काकांना विचारलं, "त्या वर्षीचा फराळ कशावर झाला?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे."

दसरा झाल्यावर ते कामावर परत गेले होते. वाण्यानं उधारी बंद केली होती, काकूंचे दागिने गहाण पडले होते, धाकटी तापानं फणफणलेली. गिरणीच्या दारापर्यंत पोलिसांची गाडी सोबत असायची. "चाळीतून निघताना मान वर केली नाही कधी." दिवाळीला काकूंनी नेहमीसारखी शेजारी ताटं पाठवली. ती झाकलेल्या रुमालासकट परत आली. एकाही घरानं घेतली नाहीत.

"म्हणून चकल्या पुरल्या," काकू म्हणाल्या.

मुलगा उठून गॅलरीत गेला. परत आला तो तावातावानं. हे छापायचं नाही, लोक काय म्हणतील, माझी मुलं काय वाचतील. काकांचं म्हणणं उलटं. वारसांना हेच ठाऊक नसेल तर बाकीचं कशाला लिहायचं? अशा वेळी मी कुणाची बाजू घेत नाही. पुस्तकाचं काहीही ठरो, ध्वनिमुद्रण पूर्ण ठेवायचं आणि त्याच्या प्रती दोन वेगवेगळ्या घरांत राहतील, एवढं मात्र कबूल करून घेते. छापलेलं पुढे दुरुस्त करता येतं, पण माणूस गेल्यावर त्याला पुन्हा विचारता येत नाही.

तोडगा काकूंनी काढला. "आमचं लिही. ताटं कुणी परत केली त्यांची नावं नको. त्यांच्याही घरात चूल नव्हती पेटत. आणि नव्या बिल्डिंगीत पुन्हा शेजार त्यांचाच आहे."

मसुदा मुलानं बरेच दिवस ठेवून घेतला. मला वाटलं, ती पानं फाडूनच येतील. आला तेव्हा त्या प्रकरणात लाल शाईची एकच खूण होती. काका कामावर परत गेले, या वाक्याआधी त्यानं लिहिलं होतं: 'नऊ महिने संपावर काढले, हे अगोदर घ्या.'