क्लार्कसनच्या पेटीसाठी विझबीचला

इंग्लंडमधील विझबीचला रेल्वेने जाता येत नाही. तेथील प्रवासी गाड्या १९६८ सालीच बंद झाल्या, त्यामुळे केंब्रिजहून निघालेल्या प्रवाशाला मार्च नावाच्या स्थानकावर उतरून पुढची वाट बसने धरावी लागते. दोन्ही बाजूंना फेन्सचा सपाट मुलूख पसरलेला असतो. चर खणून दलदलीतून काढलेली काळी जमीन, आणि नजर अडेल अशी एकही टेकडी नाही. गावात नेन नदीच्या काठाने अठराव्या शतकातील घरांची देखणी रांग आहे. पण मी गेले होते ती चर्चशेजारच्या लहानशा संग्रहालयातील एका लाकडी पेटीसाठी, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेल्या थॉमस क्लार्कसनच्या.

आपल्याकडे गुलामगिरीच्या अंताचा विषय निघाला की मन अमेरिकेकडे वळते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती तेथील गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्षपणे झटणाऱ्या लोकांना. त्याआधी दोन पिढ्या इंग्लंडमध्ये जी चळवळ उभी राहिली, तिच्यातील खासदार विल्बरफोर्सचे नाव तरी ऐकलेले असते. थॉमस क्लार्कसनचे मात्र क्वचितच. तो याच गावचा, १७६० साली जन्मलेला, शाळेच्या मुख्याध्यापकाचा मुलगा. माणसांना त्यांच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय, या विषयावरील त्याच्या लॅटिन निबंधाला १७८५ साली केंब्रिज विद्यापीठाचे पारितोषिक मिळाले. लिहिले ते खरे असेल, तर कोणीतरी याचा शेवट केला पाहिजे, हा विचार लंडनच्या वाटेवर त्याचा पिच्छा सोडीना. पुढे २२ मे १७८७ रोजी लंडनमधील एका छापखान्यात बारा जणांची समिती स्थापन झाली, त्यांत नऊ क्वेकर पंथाचे होते. पुरावे गोळा करण्याचे काम क्लार्कसनकडे आले.

ती पेटी म्हणजे या कामाचे साधन. आतल्या कप्प्यांत आफ्रिकेतील वस्तू मांडल्या आहेत: विणलेल्या सुती कापडाचे तुकडे, हस्तिदंत, मिरी, बिया, चामड्याच्या वस्तू, लाकडाचे प्रकार. कापडविक्याने नमुने उघडून दाखवावेत तशी ही पेटी तो सभांतून आणि सरकारी चौकशीतही उघडून दाखवीत असे. ज्या किनाऱ्यावरून तुम्ही माणसे भरून आणता, तेथे व्यापार करण्याजोगे इतके काही आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. मला त्यातील चातुर्य विशेष वाटले, कारण केवळ दयेला हात न घालता त्याने व्यापाऱ्याशी व्यापाऱ्याच्याच भाषेत बोलायचे ठरवले होते.

दुसरी बाजूही त्याने तितक्याच चिकाटीने जमवली. ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांत त्याने खलाशांना गाठले, आणि गुलामांच्या जहाजांवर खुद्द इंग्रज खलाशीही किती मोठ्या प्रमाणावर मरतात हे जहाजांच्या हजेरीपटांवरून दाखवून दिले. हा धंदा म्हणजे आरमाराची शाळा, या व्यापाराच्या समर्थकांच्या लाडक्या दाव्याची त्यामुळे पुरती वासलात लागली. लिव्हरपूलच्या एका दुकानात हातकड्या, बेड्या, अंगठे पिळण्याचे यंत्र आणि अन्न नाकारणाऱ्यांचे तोंड बळजबरीने उघडण्याचे उपकरण उघड विक्रीला होते. ती सर्व त्याने विकत घेतली. त्याच शहरात धक्क्यावर त्याला पाण्यात ढकलण्याचा प्रयत्न झाला. गुलाम वाहणाऱ्या ‘ब्रूक्स’ जहाजाचा प्रसिद्ध आराखडाही याच पद्धतीचा आहे: त्यात ४८२ माणसे दाटीने रेखाटलेली आहेत, प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि एक फूट चार इंच रुंद जागा, आणि याच जहाजाने पूर्वी सहाशेहून अधिक माणसे वाहून नेली होती. चित्राखाली शिव्याशाप देण्याची गरजच उरली नाही.

नदीच्या पुलाजवळ क्लार्कसनचे ६८ फूट उंच स्मारक आहे, १८८१ साली पूर्ण झालेले. चौथऱ्यावर विल्बरफोर्स आणि चळवळीतला सहकारी ग्रॅनव्हिल शार्प यांची शिल्पे आहेत, आणि आणखी एका बाजूस बेड्यांतला एक याचक गुलाम. त्याला नाव नाही. हे मला खटकले, कारण स्वतःच्या कमाईतून १७६६ साली मुक्ती विकत घेतलेला, १७८९ साली आत्मचरित्र प्रसिद्ध करून देशभर ते विकत फिरलेला ओलाउडा इक्वियानो याच परिसरातला जावई होता. त्याचे लग्न १७९२ साली सोहम गावी झाले. परतताना केंब्रिजजवळच्या चेस्टरटनला उतरून मी तेथील चर्चच्या भिंतीवरची पाटी पाहिली. १७९७ साली आधी वडील इक्वियानो गेले आणि त्याच वर्षी २१ जुलै रोजी त्याची चार वर्षांची मुलगी ॲना मरिया वासा. ‘आफ्रिकन’ गुस्तावस वासाची मुलगी, अशी तिची ओळख तेथे कोरली आहे. वासा हे मालकाने इक्वियानोला दिलेले नाव.

स्त्रियांचा वाटाही स्मारकात शोधून सापडत नाही. १७९१ नंतर वेस्ट इंडीजच्या साखरेवर जो बहिष्कार पडला, तो घराघरांतल्या स्वयंपाकघरांत त्यांनीच निभावला. पुरुष पुढारी गुलामी टप्प्याटप्प्याने संपवण्याच्या गोष्टी करीत असताना, ती ताबडतोब संपवा असे १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी छापून बजावले. त्या काळात हिंदुस्थानची साखर गुलामांच्या श्रमाविना बनलेली म्हणून तेथे विकली जाई.

गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद झाला. १८३३ च्या कायद्याने गुलामीही मोडली, मात्र २ कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना, आणि मुक्त झालेल्यांपैकी बहुतेकांना १८३८ पर्यंत शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली जुन्या मालकांकडेच राबावे लागले. त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. आपल्याकडे १८४३ चा पाचवा कायदा आला, तोही एवढेच सांगत होता की न्यायालये कोणाचा गुलामावरील हक्क मानणार नाहीत. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेने.