आजीने माझा प्रयोग बिघडवला

अकरावीला मी आर्ट्स घेतलं आणि त्यात मानसशास्त्र, हे कळल्यावर नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दोनच प्रश्न फिरले. एक, "दहावीला एवढे मार्क असून आर्ट्स?" दुसरा, "सांग बरं, माझ्या मनात काय चाललंय?" दुसऱ्याला मी सुरुवातीला समजावत बसायचे, नंतर नुसतं "चहा" म्हणायला लागले. बहुतेकदा बरोबर यायचं.

पप्पांचा प्रश्न वेगळा होता. ते अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहेत, मायक्रॉनच्या खाली बोलत नाहीत. ते म्हणाले, "यात मोजता काय तुम्ही?" या प्रश्नाचं उत्तर मला बारावीपर्यंत देता आलं नाही. वूंट नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८७९ साली लायप्झिगला प्रयोगशाळा काढली, हे पाठ होतं. पण त्या प्रयोगशाळेत रोज सकाळी येऊन माणसं नेमकं काय करत असतील, हे डोळ्यासमोर येत नव्हतं.

आमच्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. नाशिकरोडहून यायच्या, आठवड्यातून तीन दिवस, आणि मानधन कधी व्हायचं ते त्यांनाही माहीत नसायचं. (कॉलेजने पोरांना विषय दिला, पण शिकवणाऱ्या बाईला बसायला धड टेबल दिलं नाही. हा राग अजून आहे.) पण शिकवायच्या झकास. स्मृतीच्या धड्याला त्यांनी हर्मन एबिंगहाउस हा जर्मन मानसशास्त्रज्ञ असा काही रंगवला की मी प्रकल्पाला तोच घेतला.

या माणसाने दुसरं कोणी न मिळाल्यासारखं स्वतःलाच प्रयुक्त (म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो) केलं. पाठ करायला शब्द घेतले तर ओळखीचा शब्द सोपा जाणार आणि अनोळखी अवघड, म्हणून त्याने व्यंजन-स्वर-व्यंजन अशी सुमारे २३०० निरर्थक पदं बनवली. त्यांच्या याद्या पाठ करायच्या, काही वेळाने पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला ते बघायचं. तासाभराने पुन्हा पाठ केलं तर निम्म्याहून कमी वेळ वाचतो, दिवसाने साधारण एक तृतीयांश, महिन्याने एक पंचमांशाच्या आसपास. म्हणजे विसरणं आधी धाडकन आणि मग हळूहळू. हे त्याने १८८५ मध्ये छापलं. पप्पांना सांगितल्यावर ते पहिल्यांदा म्हणाले, "हां, हे मोजणं झालं."

मग मी मराठी पदं बनवायला बसले आणि तिथेच गाडी अडली. मराठीत तसली जोडणी करायला जावं तर तूप, मीठ, चूल, वीट, नळ, मोर. अख्खं स्वयंपाकघर आणि बांधकाम उभं राहतं, निरर्थक काही निघत नाही. दोन संध्याकाळी घालवून बारा पदं उरली: टेम, झुप, गील, खेब, नूळ, मोफ, रुब, डोय, घेव, लिम, बाफ, चुव.

पहिला प्रयुक्त माझा भाऊ. कॉलेजरोडला जेईईचा क्लास लावलेला, त्यामुळे घरातली स्मरणशक्ती त्याच्याच नावावर होती. बारातली पाच सांगितली. दुसऱ्या दिवशी दोन. विसरण्याचा वक्र अगदी पुस्तकातल्यासारखा, मी खूश.

दुसरी आजी. ती सिन्नरकडच्या गावाहून आलेली, वाचता येत नाही, म्हणून यादी मी मोठ्याने म्हटली. मॅडम नंतर म्हणाल्याच, एकाने वाचलं आणि एकाने ऐकलं, मग तुलना कसली? पण त्याआधीच घोळ झाला होता. आजीने नऊ सांगितली. दुसऱ्या दिवशीही नऊ.

"कसं काय गं?"

"सोपं तर हाय. टेम झाला, झुप लागंना, डोय जड, मंग लिमाचा पाला टाकून बाफ घेतली. चुव म्हंजे कोन?"

चार पदं तर तिचे रोजचे शब्द निघाले. टेम म्हणजे वेळ, डोय म्हणजे डोकं, लिम म्हणजे कडुनिंब, बाफ म्हणजे वाफ. माझी निरर्थक यादी फक्त सिडकोपुरती निरर्थक होती. उरलेल्यांना तिने वळण लावलं. झुप ही तिच्या हिशोबाने झोपच, माझा उच्चार कच्चा.

मला वाटलं, प्रकल्प गेला. मॅडमनी मात्र आजीचा तक्ता खोडू दिला नाही, खाली तिची गोष्ट जशीच्या तशी लिहायला लावली. त्याच तासाला त्यांनी बिने-कामत चाचणीचं सांगितलं. बिनेची बुद्धिमापन चाचणी फ्रान्समध्ये १९०५ सालची. कामतांनी १९३४ मध्ये तिचं मराठी आणि कन्नड मुलांसाठी रूप केलं, तेव्हा नुसतं भाषांतर करून भागणार नव्हतं. आधी पोराच्या घरात काय बोलतात ते बघावं लागतं. आमच्या घरात काय बोलतात ते मलाच माहीत नव्हतं.

पुढे एफवायला पुस्तकात बार्टलेट नावाचा इंग्रज मानसशास्त्रज्ञ भेटला. त्याचा एबिंगहाउसवर आक्षेप हाच: माणूस निरर्थकालाही अर्थ लावल्याशिवाय राहत नाही, आणि आठवताना गोष्ट आपल्या सोयीने बदलतो. मी सावानाच्या (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या) अभ्यासिकेत बसून एकटीच हसले. बाजूचा एमपीएससीवाला वैतागला.

परवा दिवाळीला आजीला सहज विचारलं, आठवतंय का काही त्यातलं? तिने अख्खी गोष्ट म्हटली. नऊच्या नऊ आली, आणि मध्ये एक 'सुंठ'ही.

"आजी, सुंठ माझ्या यादीत नव्हती."

"नसंल. पन सुंठीबिगर डोय उतरती व्हय?"